डावी कड, मोठा सायलेन्सर आणि फक्त मागचा ब्रेक: तो फॉरवर्ड पाठवण्याआधी हे वाचा

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर आला, मग कंपनीच्या ग्रुपवर, मग मावशीने पाठवला, आणि परवा तर पणजीच्या एका पायलटाने (आमच्या गोव्यात मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात) स्वतःच्या मोबाईलवर उघडून दाखवला. हायवेवर बाईकवाल्याने जीव कसा वाचवायचा याचा सल्ला आहे. थोडक्यात असा: कारवाले आणि ट्रकवाले काही सुधारणार नाहीत, तेव्हा बाईक रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला ठेवा, सायलेन्सर मोठ्या आवाजाचा लावा म्हणजे त्यांना कळतं, ट्रॅफिकपेक्षा थोडं जास्त पळा म्हणजे मागून कोणी ठोकत नाही, पुढचा ब्रेक दाबू नका कारण गाडी उलटते, फुल फेस हेल्मेटमधे हॉर्न ऐकू येत नाही तेव्हा हाफ बरं, जंक्शनवर सरळ जायचं तर चारी इंडिकेटर लावा, आणि एवढं करूनही काही झालं तर ते नशीब.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण उद्या सकाळी एखादा पोरगा हे वाचून वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टला निघेल आणि खरंच तसं चालवेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, लांबलं तरी वाचा.

पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. चारचाकीवाले बेफिकीर चालवतात, यात काही वाद नाही. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली आणि त्यातली साधारण 44 टक्के दुचाकीवरची होती. 2023 च्या ऑगस्टमधे बाणस्तारी पुलावर एका मोठ्या गाडीने एकामागून एक वाहनं उडवली आणि तीन जण गेले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे मी खाली जे लिहितोय त्याचा अर्थ चूक बाईकवाल्याची असा कोणी काढू नका. चूक करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण ती होईपर्यंत आपल्याला रोज त्याच हायवेवरून जायचंय ना.

आता डावी कड. डाव्या लेनमधून चला हे बरोबर, डाव्या कडेला चिकटून चला हे चूक, आणि या दोघांत जीवन-मरणाचा फरक आहे. एनएच 66 वर पत्रादेवीपासून पोळेपर्यंत, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही कडेला बघा काय असतं: खडी, पावसात वाहून आलेली लाल माती, डांबर आणि मातीच्या मधे हातभर खाली गेलेली किनार, उभे केलेले ट्रक, शहाळीवाला, आणि कारचा अचानक उघडणारा दरवाजा. पेट्रोल पंपातून किंवा वाड्यावरच्या आतल्या रस्त्यावरून हायवेला येणारा माणूस गाडीचं नाक पुढे काढून आधी उजवीकडे बघतो, त्याची नजर लेनच्या मधोमध असते, कडेला चिकटलेला तुम्ही झाडाच्या नाहीतर बोर्डाच्या आड असता. आणि आपल्या मिनीबस! म्हापशाजवळ गिरीच्या पट्ट्यात रोज बघतो, बस उजव्या बाजूने तुम्हाला ओव्हरटेक करते आणि पुढच्या क्षणी स्टॉप आला म्हणून सरळ तुमच्या पुढ्यात डावीकडे घुसते, कंडक्टर दारात उभा राहून म्हापशें म्हापशें ओरडतोय, आणि तुमच्या डावीकडे जायला इंचभर जागा नाही कारण तुम्ही आधीच कडेला आहात. शिवाय कडेला राहिलात की मागच्या कारवाल्याला वाटतं, जागा आहे, त्याच लेनमधून निघून जाऊ, मग तो आरसा घासत जातो. तेच तुम्ही लेनच्या मधे, किंवा मधापासून जरासं उजवीकडे, ठाम चालवलंत तर त्याला लेन बदलूनच जावं लागतं, आणि अडचण आली तर तुमच्याकडे दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा उरते. ती जागाच तुम्हाला वाचवते. मागून कोणी फारच अंगावर येत असेल तर त्याला जाऊ द्या, इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि तो गेला की परत आपल्या जागेवर या, त्याच्याशी हुज्जत नको.

ट्रक आणि बसच्या बाबतीत एक गोष्ट पोरांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. केबिनच्या डाव्या दाराजवळचा आणि बोनेटच्या खालचा भाग त्याच्यासाठी काळोख आहे. तेव्हा ट्रकच्या बाजूने समांतर चालत राहू नका, एकतर पूर्ण मागे राहा किंवा समोरचं सगळं मोकळं दिसतंय याची खात्री करून एका दमात पुढे जा. अनमोड घाटात आणि करमल घाटात वळणावर लांब ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूला कापत येतात, त्या आतल्या कोपऱ्यात घुसून पुढे जायचा प्रयत्न करणारी पोरं बघून पोटात गोळा येतो.

सायलेन्सर. हा मुद्दा तरुणांना फार आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आवाज निघतो तो मागे, धोका असतो तो समोर. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या माणसाने युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून लॉस एंजेलिस भागातले 900 च्या आसपास मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, त्याचा अहवाल 1981 साली आला, जुना आहे पण इतक्या बारकाईने काम फार कमी झालंय. त्यात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त वेळा धोका चालवणाऱ्याच्या अगदी समोर किंवा समोरून 45 अंशांच्या आत डावी-उजवीकडे होता. म्हणजे समोरून वळणारी कार, बाजूच्या रस्त्यावरून बाहेर येणारी कार. त्या ड्रायव्हरच्या काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा तुम्ही त्याच्या दाराला लागलेले असता. ज्याला तो आवाज नीट ऐकू येतो तो माणूस तुमच्या मागे आहे आणि त्याने तुम्हाला आधीच बघितलंय. राहता राहिले रस्त्याच्या कडेच्या घरातले म्हातारे आणि बाळंतिणी, त्यांनी काय पाप केलंय? वर आवाजाचे नियम मोडले म्हणून मोटर वाहन कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, ते वेगळंच.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली त्यातल्या साधारण दोन तृतीयांश अपघातांत चूक दुसऱ्या वाहनाची होती, आणि मोठं कारण हे की ड्रायव्हरला बाईक दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली. म्हणजे बहुतेक वेळा तो आपल्याला मुद्दाम मारत नसतो. लहान वस्तू लांब वाटते आणि हळू येतेय असं वाटतं, आपल्या डोळ्यांची ही खोडच आहे, आणि विंडशील्डच्या बाजूच्या खांबामागे अख्खी बाईक लपते. म्हणून आपण त्याच्याशी नजरानजर झाली म्हणजे त्याने बघितलं असं धरू नये. माणूस तुमच्याकडे बघूनही गाडी काढतो. त्याचं तोंड सोडा, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, चाक फिरायला लागलं की तो निघाला, चाक खोटं बोलत नाही. आणि जंक्शन जवळ आलं की ॲक्सिलरेटर सोडून दोन बोटं ब्रेकवर ठेवा, जमलं तर लेनच्या आत किंचित डावी-उजवीकडे सरका, सरळ रेषेत येणाऱ्या दिव्यापेक्षा हलणारा दिवा लवकर लक्षात येतो. 2017 पासूनच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाईट आपोआप चालू राहतो तोही यासाठीच, आपण दिसावं म्हणून. तो वायर कापून बंद करणारे महाभाग आहेत, कृपा करून तसं करू नका. हाय बीम मात्र नको, समोरच्याचे डोळे दिपले की त्याला अंतर कळत नाही.

स्पीडचं गणित साधं आहे, करून बघा. एक बाईक 60 ने चाललीय, दुसरी 80 ने, दोघांसमोर एकाच जागी बैल आला, पावसाळ्यात रात्री आपल्या हायवेवर ही ढोरं कोरड्या डांबरावर बसलेली असतातच. लक्षात येऊन ब्रेक लागायला एक सेकंद धरा आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगला धरा. 60 वाला साधारण 40 मीटरवर थांबतो. त्याच 40 मीटरला 80 वाल्याचा स्पीड किती उरलेला असतो माहितीये? अजून 60. म्हणजे पहिला जिथे पाय टेकून उभा राहिला तिथे दुसरा 60 च्या स्पीडने आदळतो. फक्त 20 जास्त होते. आणि ओल्या रस्त्यावर हे सगळं आणखी वाईट. मेसेजमधलं एक मान्य करतो, की सगळं ट्रॅफिक 70 ने जात असताना आपण 35 ने मधे रेंगाळलो तर तेही धोक्याचं, झुआरीच्या नव्या पुलावर असं स्कूटरवाले करतात. पण त्याला उपाय ट्रॅफिकच्या बरोबरीने जाणं, सगळ्यांच्या पुढे पळणं नाही. पळणारा माणूस दर मिनिटाला नव्या गाडीच्या ब्लाईंड स्पॉटमधे, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेत, शिरत असतो.

पुढचा ब्रेक विसरा हा तर सगळ्यात घातक सल्ला. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्याला दाबलं जातं, मागचं हलकं होतं, म्हणून थांबायची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. नुसता मागचा जोरात दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी आडवी घसरते. हर्टच्या अहवालात हेच आहे, घाबरलेला माणूस मागचा जास्त दाबतो आणि पुढचा पुरेसा दाबतच नाही. गाडी उलटते ती पुढचा एकदम खचकन दाबला तर, किंवा हँडल वळलेलं असताना, किंवा वाळूवर. म्हणून दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा आधी हलका मग वाढवत न्यायचा, हँडल सरळ ठेवून. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या बाईकला एबीएस (जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक) सक्तीचं झालं, सीबीएसच्या स्कूटरला डावा लिव्हर दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण थोडाच, उजवा दाबावाच लागतो. हे वाचून येत नाही, हाताला सवय लागते. रविवारी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या आतले रस्ते रिकामे असतात, तिथे जाऊन 30 वरून, मग 40 वरून थांबून बघा. आपल्या पोरांना, विशेषतः नवीन लायसन्स मिळालेल्या मुलींना तिथे घेऊन जा, ड्रायव्हिंग टेस्टमधे आठचा आकडा काढायला लावतात, जोरात थांबायला कोणी शिकवत नाही.

हेल्मेट. ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, हे दोन्ही हर्टच्या त्याच अभ्यासात तपासलं होतं आणि कामाचे आवाज किंवा नजरेचा पल्ला हेल्मेटमुळे कमी झाल्याचं आढळलं नाही. उलट स्पीडमधे उघड्या कानात वारा एवढा घोंगावतो की हॉर्न त्यातच बुडतो. हेल्मेटमुळे मरणाची शक्यता साधारण 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची 69 टक्क्यांनी कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. हाफ हेल्मेटमधे हनुवटी आणि तोंड उघडं राहतं, आणि पुढे पडणाऱ्या माणसाचं तोंडच आधी रस्त्याला लागतं. आयएसआय मार्क बघून घ्या, पट्टा घट्ट लावा, पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी उडून जातं. रेंट-अ-बाईकवाल्यांना हात जोडून सांगतो, गिऱ्हाइकाला क्लिप तुटलेली टोपी देऊ नका, आणि मागे बसणाऱ्यालाही द्या, कायद्याने दोघांनाही घालायचंय.

चारी इंडिकेटर, थोडक्यात. डावीकडच्या रस्त्यावर थांबलेल्या कारवाल्याला तुमचा फक्त डावा दिवा लुकलुकताना दिसतो. त्याला वाटतं तुम्ही त्याच्या रस्त्याला वळताय, तो गाडी बाहेर काढतो, आणि तुम्ही सरळ येत असता. सरळ जायचं तर काहीच लावायचं नसतं. हॅझार्ड, म्हणजे हे चारी दिवे एकदम, बंद पडलेल्या गाडीसाठी.

आणि नशीब. दारू पिऊन रॉंग साईडने येणारा समोर आला तर कितीही शहाण्याचं काही चालत नाही, हे मी नाकारत नाही, बाणस्तारीला गेलेल्या माणसांनी काय चूक केली होती? तिथे पोलीस, कोर्ट, रस्ता बांधणारे यांनाच जाब विचारायचा, आणि तो सोडायचा नाही. पण रोजचे अपघात तसे नसतात, कुणाला तरी कोणीतरी दिसलेलं नसतं आणि थांबायला जागा उरलेली नसते, आणि यातलं दिसणं आणि जागा राखणं बरंचसं आपल्या हातात आहे.

तेव्हा ज्या ग्रुपवर तुम्ही तो मेसेज टाकला असेल तिथे निदान ब्रेकचा आणि हेल्मेटचा मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी लिहा, आजच लिहा, उद्या सकाळी सातच्या शिफ्टला पोरं निघायच्या आधी.