वायरचा माऊस अजूनही कामाचा आहे

"आता वायरचा माऊस घेण्यात अर्थ नाही" हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी दिवसभर टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी करते. ऐन मार्चअखेरीला माऊसची बॅटरी संपली म्हणून अडून बसायची वेळ वायरच्या माऊसमुळे कधीच येत नाही. यूएसबी लावली की काम सुरू.

घेताना बरेच जण फक्त डीपीआय, म्हणजे माऊस किती बारीक हालचाल टिपतो तो आकडा, बघतात. ऑफिसच्या कामाला १००० डीपीआय भरपूर झालं. खरा जीव असतो तो बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये, म्हणजे क्लिक नोंदवणाऱ्या छोट्या स्विचमध्ये. त्यातली बारीक धातूची पट्टी थकली की एकदा दाबलं तरी दोनदा क्लिक होतं. माझ्या आधीच्या माऊसचं हेच झालं: नुसती फाइल निवडायला जावं तर ती उघडायचीच, आणि काही ओढून नेताना मध्येच सुटायचं. दुसरी नाजूक जागा म्हणजे वायर माऊसमध्ये शिरते तिथला वाक. आतली तार तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही. तेव्हा माऊसभोवती वायर करकचून गुंडाळून बॅगेत कोंबू नका, प्लीज.

आणि काचेच्या टेबलावर पॉइंटर उड्या मारत असेल तर माऊस फेकण्याआधी खाली साधा कागद ठेवून बघा. ऑप्टिकल सेन्सर खालच्या पृष्ठभागाची भराभर चित्रं टिपून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला खूणच सापडत नाही.