विजय ‘आपला’ की ‘आमचा’?

सीमेवर काही घडलं की चार दिवसांत महाराष्ट्रातल्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. मध्ये लढाऊ विमान, वर पक्षाचे नेते, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. मग वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, हा युद्धप्रचार आहे. दुसरी म्हणते, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनीही केलाच की. लंडनमधून हे ऐकताना वाटतं, दोघेही फ्लेक्सला उगाच मोठेपणा देताहेत.

ब्रिटिश आधी तोंडघशीच पडले होते. 1939 साली माहिती खात्याने पोस्टर लावलं: तुमचं धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार ‘अस’ला विजय मिळवून देईल. इंग्रजी ‘अस’मध्ये ‘आपल्याला’ही येतं आणि ‘आम्हाला’ही. खात्याला पहिलं म्हणायचं होतं, लोकांनी दुसरं वाचलं: कष्ट तुमचे, विजय साहेबांचा. ‘मास-ऑब्झर्व्हेशन’ ही संस्था लोकांची मतं टिपून घेत होती, म्हणून हे कळलं तरी.

त्याच मालिकेतलं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (शांत राहा, काम चालू ठेवा) हे पोस्टर जवळजवळ 25 लाख प्रती छापून राखून ठेवलं होतं. 1940 मध्ये बहुतेक गठ्ठे लगद्यात गेले. 2000 साली इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत निघाली आणि धंदा सुरू झाला. आपण सुट्टीत गावी जाताना नेतो त्या मगवरचं हे वाक्य युद्धात फारसं कुणी पाहिलंच नव्हतं.

चाललं ते व्यंगचित्रकार फूगासचं काम. बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत, मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा साथीदार गोरिंग. मागणी एकच: चारचौघांत युद्धाची माहिती बोलू नका. फूगासच्या मते पोस्टरपुढे तीन अडथळे असतात: लोक सूचना वाचत नाहीत, वाचली तरी ती आपल्यासाठी आहे असं मानत नाहीत, मानलं तरी लक्षात ठेवत नाहीत. म्हणून भरपूर कोरी जागा, मोजकी रेघ आणि थोडं हसू. धाक घातला की माणूस नजर फिरवतो.

आपल्या फ्लेक्सवर कोरी जागा म्हणजे एक शुभेच्छुक वाया! जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना 2013 मध्ये सांगितलं, 2019 मध्ये पुन्हा बजावलं. पण फोटो काढले तरी प्रश्न उरतोच: वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगा वाजला की दिवे कसे झाकायचे, कुठल्या जिन्याने उतरायचं, शेजारच्या आजींना कोण आणणार, एवढं तरी त्या चौकातल्या वीस फुटांत सहज मावलं असतं.