खासदाराने निधी आणावा, बोलून काय होतं? एका फिरत्या मेसेजला उत्तर

अधिवेशन सुरू झालं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. संसदेत भाषणं ठोकून मतदारसंघाला काही मिळत नाही. खासदार तोच, जो निधी आणतो. मंत्री छापील उत्तरं देतात, त्यातून काही निष्पन्न होत नाही. गावचे प्रश्न दिल्लीत मांडण्यात अर्थ नाही. आणि पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, असल्यावर खासदाराच्या बोलण्याला किंमत ती काय? चांगले शिकलेसवरलेले लोकही हा मजकूर पुढे ढकलतात, म्हणून हा खटाटोप.

आधी निधी. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज तिच्यातून खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. तेही त्याच्या हातात पडत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. महाराष्ट्रात लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा, आणि मतदार सरासरी १९ लाखांच्या घरात. भागाकार करा: मतदारामागे वर्षाला २६ रुपये. एवढ्यात सभामंडप होतो, हायमास्ट दिवा लागतो, कोनशिलेवर नाव येतं. त्याच खासदारापुढे केंद्राचा अर्थसंकल्प येतो, जो २०२५-२६ मध्ये ५० लाख कोटींच्या वर होता. त्यातल्या बऱ्याच मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविनाच, वेळ संपली म्हणून एकदम मताला टाकून (याला ‘गिलोटिन’ म्हणतात), एकगठ्ठा मंजूर होतात. आपण मात्र २६ रुपयांचा हिशेब मागतो आणि तिथे आपला खासदार का बोलला नाही, हे विचारत नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे हा निधी थांबवला गेला, तो दीड वर्षाहून अधिक काळ बंद होता. मेसेज खरा मानला तर त्या काळात ५४३ जणांना लोकसभेत कामच नव्हतं म्हणायचं.

आता छापील उत्तरांबद्दल. उत्तरं साचेबद्ध असतात, हे कबूल. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ ही वाक्यं वाचून वाचून कंटाळा येतो. पण हेच वाक्य मंत्री पत्रकारांसमोर म्हणाला तर संध्याकाळपर्यंत विरून जातं, सभागृहात म्हणाला तर ते आश्वासन ठरतं. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. कोणत्या प्रकारची वाक्यं आश्वासन धरायची, याची यादीच ठरलेली आहे आणि ‘विचाराधीन’ त्यात येतं. तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. ती झाली नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, आणि समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारू शकते. आश्वासनं वर्षानुवर्षं रेंगाळतात हेही खरंच. पण रेंगाळलेल्या आश्वासनाचा माग काढता येतो; न विचारलेल्या प्रश्नाचा कसा काढणार?

शिवाय प्रश्न विचारणं मेसेजवाल्यांना वाटतं तितकं सोपं नाही. किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि मग चिठ्ठीत नंबर लागावा लागतो. लोकसभेत एका दिवशी तारांकित प्रश्न २०, अतारांकित २३०. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारांकिताला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. वीसपैकी पुढच्यांचा नंबर लागेपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपतो, तो भाग वेगळा.

बोलून काय होतं? १६ डिसेंबर १९५७ रोजी रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर सव्वा कोटींच्या आसपास रक्कम मोजून घेतले होते, त्या व्यवहाराची त्यांनी सभागृहात चिरफाड केली. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत जाहीरपणे झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. बोलणारा सत्ताधारी पक्षाचाच होता, हे व्हीपचा मुद्दा मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

‘तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती’ असं यावर कुणी म्हणेल. बरोबर, पक्षांतरबंदीची तरतूद असलेली राज्यघटनेची दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली. पण व्हीप मोडल्याबद्दल तिच्यात जी अपात्रता येते, ती पक्षादेशाविरुद्ध मत दिल्याबद्दल किंवा मतदानाला गैरहजर राहिल्याबद्दल. तारांकित प्रश्नावर मतदान नसतं, तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहरात नसतं, मतदारसंघाचे प्रश्न मांडायला वापरतात त्या नियम ३७७ खालच्या निवेदनावरही नसतं. तिथे खासदार गप्प बसला तर त्याला कायद्याने गप्प बसवलेलं नसतं. तिकीट जाईल, पक्ष बोलायला वेळ देणार नाही, ही भीती खरी असते. ती भीती आहे म्हणून सांगावं, व्हीपच्या आड लपू नये.

स्थानिक प्रश्नांच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे. नळपाणी योजना, पोलीस ठाणं, जिल्हा परिषदेची शाळा हे राज्याचे विषय. असा प्रश्न लोकसभेत दिला तर बहुधा स्वीकारलाच जात नाही. पण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, बंदरं, आयात-निर्यात हे विषय दिल्लीतच ठरतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्कासह खुली झाली. लासलगावच्या बाजार समितीत त्या महिन्यांत जे झालं ते स्थानिक की राष्ट्रीय? नाशिकच्या आमदाराने विधानसभेत कितीही घसा फोडला तरी निर्यातीची अधिसूचना मुंबईतून निघत नाही.

कोकण रेल्वेचंही तेच. राजापूरचे खासदार नाथ पै १९५७ पासून १९७० पर्यंत लोकसभेत होते आणि ही मागणी त्यांनी लावून धरली. त्यांच्यानंतर मधू दंडवते त्याच मतदारसंघातून सलग पाच वेळा निवडून आले. ते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, पुढे अर्थमंत्री. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. मंत्रिपदं मिळाली म्हणून रेल्वे आली, असं म्हणता येईल. पण सत्तेत आल्यावर हातात घ्यायला मागणी तयार होती, कारण ती विरोधी बाकांवरून वर्षानुवर्षं मांडली गेली होती. त्याही आधीचं उदाहरण खोतीचं, म्हणजे कोकणात खोतांनी कुळांकडून सारा वसूल करायच्या वतनदारी पद्धतीचं. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, आणि खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. मेसेजच्या हिशेबाने ते विधेयक ‘वाया गेलं’.

एका बाबतीत मी मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. निवडणुकीच्या तोंडावर समर्थक जी रंगीत कार्डं फिरवतात, ‘पाच वर्षांत इतके प्रश्न, देशात अमुक क्रमांक’, त्यांच्यावर विसंबू नये. अतारांकित प्रश्न कार्यालयातला सहायक बसून लिहू शकतो आणि एकच प्रश्न पाच जणांच्या नावांनी लागू शकतो. उलट मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपटावर सहीही करत नाहीत, म्हणून त्यांच्या नावापुढचं शून्य पाहून बोंब मारणंही चूकच. आकडा बाजूला ठेवून तारांकित प्रश्नांच्या एखाद्या दिवसाचं छापील कामकाज उघडावं. आपल्या खासदाराचा पहिला उपप्रश्न मंत्र्याचं उत्तर वाचून विचारलेला आहे की घरून लिहून आणलेला, हे दोन ओळींत कळतं.