मामींचा शिरा आणि माझा 'प्रोजेक्ट'

आज मामांकडे सत्यनारायण होता, इंदिरानगरला. केळीचे खांब, तीर्थ, कथा, सगळं यथासांग. प्रसाद वाटताना कुणीतरी मामींना विचारलं, "धाकटी काय करते गं जर्मनीत? आता सुट्ट्या असतील ना?" मामी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रोजेक्ट चाललाय तिचा, एका कंपनीत."

धाकटी म्हणजे माझी मामेबहीण. बोडेनझे तळ्याकाठच्या एका हॉटेलात ती भांडी घासते. तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, सुट्टीच्या दिवशी तळ्यात पोहते आणि मला फोटो पाठवते. हे मला माहितीये, मामींना माहितीये, आणि मामांना तर तिच्या पगाराचा हिशेब तोंडपाठ आहे.

आणि मी काय केलं? मान डोलावली आणि द्रोणातला शिरा संपवला. घरी आल्यापासून स्वतःवरच धुमसतेय.

कारण आमच्या घराण्यातला पहिला 'प्रोजेक्ट' माझा होता. २०१९ साली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. थॉमसन आणि थोडी सोनाका जातीची. मी त्याच बागेच्या जिवावर मास्टर्सला जर्मनीला गेले. तेव्हा व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ८,६४० युरो दाखवावे लागायचे. ते उभे करताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काय काय केलं ते मला आजही पूर्ण माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. तिकडे विद्यार्थ्याला वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करता यायचं (आता १४० केलेत). जुलैच्या मध्यात लेक्चर संपतात ते थेट ऑक्टोबरपर्यंत मोकळं. तर आम्ही चौघं, म्हणजे मी, एक कोल्हापूरकर, एक नागपूरकरीण आणि एक गुंटूरचा, मोझेल नदीच्या काठी कोखेमजवळच्या एका गावात कामाला गेलो. उन्हाळाभर पानं काढणं, वेली बांधणं, बाटल्यांना लेबलं लावणं असलं किरकोळ काम आणि सप्टेंबरात काढणी.

हो. द्राक्षं तोडायला. निफाडची पोरगी जर्मनीत जाऊन द्राक्षं तोडत होती. हसा.

अण्णाही हसले होते. काढणीच्या दुसऱ्या दिवशी मी बागेतूनच व्हिडिओ कॉल लावला. आधी त्यांना वाटलं मी फिरायला आलेय. मग म्हणाले, कॅमेरा फिरव. फिरवला. तिथे मांडव नाही, उभ्या डोंगरउतारावर प्रत्येक वेलीला एक खांब, पायाखाली पाटीच्या दगडाचे तुकडे, पाय ठेवला की सरकतात. काही ठिकाणी तर माणसं आणि माल वर न्यायला एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी आहे. अण्णा म्हणाले, "अगं, एवढुशे मणी? याला मार्केटात विचारील कोण?" म्हटलं, वाइनची आहेत, रीसलिंग. तेवढ्यात मी एक घड कापून बादलीत टाकला, तर फोनमधून ओरडले, "फेकू नको ना! देठाला धर!" सहा हजार किलोमीटरवरून! मण्यावरची पांढरी झिलई गेली की माल गेला, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याला बादलीत टाकलेली द्राक्षं बघवतील कशी?

तो कॉल मी विसरू शकत नाही. कारण एवढं सगळं बोलून झाल्यावर मागून आईचा आवाज आला, "तिला सांगा, कुणाला बोलू नको म्हणावं. आपण प्रोजेक्ट म्हणू."

मला तेव्हा राग आला नाही. मीच म्हणाले, हो, प्रोजेक्टच म्हणा. अण्णा काहीच बोलले नाहीत. पुढे सहा महिने गावात माझा प्रोजेक्ट चालू होता. एका काकांनी तर विचारलं, द्राक्षावर रिसर्च का? अण्णा म्हणाले, तसंच काहीतरी.

आता मला सांगा, त्यात लपवण्यासारखं काय होतं? त्या वर्षी तिथला किमान दर तासाला ९.१९ युरो होता, म्हणजे सातशे रुपयांच्या वर. आमच्याच बागेत त्या वर्षी बाईमाणसाची हजेरी दिवसाची अडीचशे होती. काम तेच, कात्री तीच, कंबर मोडते तीही तीच. मी दोन दिवसांत बोट कापून घेतलं होतं. पोलंडहून येणारी एक मावशी होती, वीसेक वर्षं दर हंगामाला यायची. तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली, कशी धरायची ते दाखवलं आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, बहुतेक 'कुठून येतात या' अशा अर्थाचं. मी द्राक्षबागायतदाराची मुलगी आहे हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुला कात्री कशी धरता येत नाही? आणि त्याचं उत्तर मी अजून शोधतेय.

राहायला मालकाच्या गॅरेजवरच्या दोन खोल्या. दोन मुलं, दोन मुली, एक बाथरूम. (आई, हे तुला आज कळतंय. आता सहा वर्षं झाली, जाऊ दे.) कोल्हापूरकराने घरून कांदा-लसूण मसाला आणला होता, तो गुंटूरच्याला फिका लागायचा, नागपूरकरीण दोघांवर हसायची. रविवारी तिकडे दुकानं बंद. हे माहीत असूनही दर शनिवारी आम्ही काहीतरी विसरायचो. एकदा मीठ विसरलो आणि अख्खा रविवार एकमेकांवर ढकलत अळणी वरणभात खाल्ला. रात्री नदीकाठी बसायचो. इतकं मोकळं मी ना त्याआधी कधी हसले, ना त्यानंतर. भांडलेही तेवढंच. कोल्हापूरकर आणि मी भांडी कुणी घासायची यावरून चार दिवस बोलत नव्हतो. बघा, भांडी तिथेही होतीच!

मान्य, तिकडे सगळं सोन्याचं नाही. त्या उतारावर स्थानिक पोरं काही दिसली नाहीत. पोलिश, रुमानियन आणि आम्ही. त्यामुळे 'परदेशात कसा कष्टाला मान असतो' असं भाषण मला कुणी देऊ नये, मी तिथे होते.

पण एक गोष्ट होती. दुपारी मालक, सत्तरीचा माणूस, ट्रॅक्टरवर सूपचं पातेलं घेऊन यायचा. एक लांब बाकडं, सगळे त्याच्यावर, तोही. तेच सूप, तोच पाव. मावशीच्या शेजारी बसून तो आज पावसाचं काय म्हणतात याची चर्चा करायचा. एवढंच. मी हे त्याच कॉलमध्ये अण्णांना दाखवलं, कारण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "सगळे एकाच ठिकाणी?"

आमच्या शेडच्या खिडकीत सहा स्टीलचे पेले उपडे ठेवलेले असतात. पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातून जी माणसं काढणीला येतात, बागेच्या कडेला ताडपत्री लावून महिनाभर राहतात, त्यांचे. घरातल्या पेल्यांत ते मिसळत नाहीत. कुणी तसं सांगितलेलं नाही, पण मिसळत नाहीत. तुमच्याकडेही आहेत, उगीच मान वळवू नका. मी वीस वर्षं ते पेले बघितले आणि मला ते दिसले मोझेलच्या काठावर, फोनमधल्या अण्णांच्या चेहऱ्यावर.

म्हणून चिडतेय. आईला जे लपवायचं होतं ते माझं काम नव्हतंच. जे काम आपण त्या माणसांकडून करून घेतो, तेच आपली मुलगी करते, हे लपवायचं होतं. मामी, तुमचंही तेच. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई आज पूजेला मागच्या दाराने आल्या. त्यांच्यासमोर तुमच्याने 'माझी मुलगीही भांडीच घासते' असं म्हणवलं नाही.

थांबा, हे जास्त झालं. मामींना आम्ही ओळखतो. मुलीला स्थळं बघायला सुरुवात झालीये, चार लोकांत शब्द गेला तर 'तिकडे मोलकरीण आहे' होऊन परत येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. 'तिकडे जाऊन भांडीच घासायची तर एवढं कर्ज कशाला' असं म्हणणारेही आहेत, आणि कर्जाचा मुद्दा अगदीच चूक नाही, एजंट लोक काय काय स्वप्नं विकतात ते मी पाहिलंय. ठीक. पण तरी.

त्या वर्षी मी ऑक्टोबरात पैसे जमवून अण्णांना थोडे पाठवले. आणि महिनाअखेरीस इकडे अवकाळी पाऊस लागला तो थांबेना. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेल्या बागा, त्यावर डाऊनी रोग, फवारणीला ट्रॅक्टर आत जाईना, कोवळे घड वेलीवरच जिरले. अण्णांनी माझ्या पैशांतून औषध आणलं. मला हे पुढच्या वर्षी कळलं. त्यांनी दुकानदाराला काय सांगितलं असेल? पोरीच्या प्रोजेक्टचे पैसे.

हे लिहायच्या आधी धाकटीला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. तिचं उत्तर आलं: "लिही ताई, पण भांडी नको लिहू, किचन लिही."

मी काहीच बोलले नाही. पाच मिनिटांनी पुन्हा: "जाऊ दे, भांडीच लिही. तासाला तेरा युरोची भांडी आहेत."

मामी, राग आला तर फोन करा. शिरा मात्र मस्त झाला होता.