अर्थाचा अनर्थ

जुनी गाडी नव्याने उभी करताना पत्रा, रंग, गाद्या, क्रोम असं सगळं एकेक करून मार्गी लागतं. मग उरतं वायरिंग. गंज डोळ्यांना दिसतो, बेअरिंग गेलं तर कानाला कळतं. वीज मात्र घुमी. ती असते किंवा नसते असं शाळेत शिकवतात. जुन्या गाडीत ती बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे कुठेतरी रेंगाळत असते.

हेडलाइट मंद आहे म्हणून नवा बल्ब येतो. तरी मंदच, म्हणून स्विच येतो. मग बॅटरी, मग डायनॅमोचा रेग्युलेटर, आणि शेवटी पुरा हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा कार्यक्रम इतक्या शिस्तीत दुसरीकडे कुठे चालत असेल असं मला वाटत नाही. चोर असतो अर्थ, म्हणजे बॅटरीकडे परतणाऱ्या विजेची वाट.

दिव्यापर्यंत वीज वायरने जाते, पण परत येते गाडीच्या पत्र्यातून. निम्मं तांबं वाचवणारी ही युक्ती उत्तमच आहे, फक्त पत्रा उघडा असेपर्यंत. आपण काय करतो? तो घासतो, त्यावर प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर, आणि त्या आरशासारख्या रंगावर अर्थच्या वायरीची रिंग ठेवून प्रेमाने स्क्रू आवळतो. रंग म्हणजे इन्सुलेशन. भंगारात उभी असताना जी गाडी चारही दिवे लावायची, ती नटूनथटून आल्यावर एकही लावत नाही याचं कारण एवढंच. रिंगखालचा रंग नाण्याएवढा खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. नव्या रंगावर पॉलिश पेपर चालवताना हात थरथरतो, हे मान्य.

अर्थ अडला की वीज गप्प बसत नाही, आडवाटेने जाते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा ताल धरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मागच्या दिव्याच्या खोक्याला परतीची वाट नसल्याने करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून घरी निघालेला असतो. याहून भारी प्रकार इंजिनाचा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे पत्र्यापासून वेगळं असतं. दोघांना जोडते ती विणलेली अर्थची पट्टी. ती लावायची राहिली तर सेल्फचे शंभराहून जास्त अँपिअर चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततात. सेल्फ मारताना चोकची केबल तापून धूर आला तर केबल बदलू नका. ती बिचारी दुसऱ्याचं काम करत होती.

म्हणून बदलण्याआधी मोजा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, दिवा चालू करा, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं दिव्याच्या धातूच्या अंगाला लावा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ निर्दोष. एक व्होल्ट दिसला की चोर सापडला. दिवा बंद ठेवून हे मोजलं तर शून्यच दिसेल, आणि तुम्ही समाधानाने नवीन बल्ब आणायला जाल.

दुसरी बाजूही तशीच मोजायची, बॅटरीच्या गरम, म्हणजे अर्थ नसलेल्या, टोकापासून बल्बच्या टर्मिनलपर्यंत. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, आणि ते सगळे डॅशबोर्डवरच्या म्हाताऱ्या स्विचमधून जातात. त्याला निवृत्ती द्या, रिले बसवा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच. रिलेच्या टर्मिनलवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीजवळच्या फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून दिव्याला, 86 ला स्विचची जुनी वायर, 85 ला अर्थ (उघड्या धातूवर, पुन्हा सांगायला नको). वायर किमान दोन चौरस मिलिमीटरची. अपर आणि डिपरला वेगवेगळे रिले. स्विचला आता अर्धा अँपिअरसुद्धा वाहावा लागत नाही.

फ्यूजचा घोळ वेगळाच. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, ते तो उडण्याचा आकडा; सतत पेलायचा आकडा त्याच्या निम्मा, साडेसतरा. त्याच मापाचा, सतत 35 पेलणारा दुसरा फ्यूज तिथे अगदी छान बसतो. मग शॉर्ट झाला की फ्यूज सुखरूप राहतो आणि वायर वितळते. म्हणजे मालकाने पहारेकऱ्याचं रक्षण केलं.

एलईडी बल्ब लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) आतली पट्टी तापून टिकटिकतो आणि ती तापायला 21 वॉटचे दोन बल्ब लागतात; एलईडीचा करंट तिला गुदगुल्यासुद्धा करत नाही. फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्या. आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर असेल तर चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका. तो नुसता दिवा नाही. त्याच्यातून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो.

नवा कंडेन्सर, म्हणजे इग्निशनच्या पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग, डब्यातूनच मेलेला निघू शकतो. इंजिन गार असताना चालतं, तापल्यावर बंद पडतं आणि पॉइंट जळून काळे होतात. म्हणून जुना चालता कंडेन्सर कधी फेकू नये, असं माझं ठाम मत आहे.

वायरीला जोड देताना श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) आधी वायरीवर चढवायची असते. हे सगळ्यांना माहीत असतं. सोल्डर करून, फुंकर मारून, जोडाकडे कौतुकाने बघताना ती स्लीव्ह टेबलावर दिसते.

सगळं झाल्यावर बॅटरी थेट जोडू नका. अर्थची केबल आणि बॅटरीचं टोक यांच्यामधे 21 वॉटचा एक बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटेल आणि दोनेक अँपिअरच्या वर काही जाऊ देणार नाही, वायरिंग वाचलं. बल्ब पेटला नाही म्हणून लगेच पेढे वाटू नका. एक दार उघडा. आतला दिवा लागला तर परतीची वाट पुरी आहे. नाही लागला, तर त्या दिव्याचा स्क्रूही नव्या रंगावरच आवळलेला असणार.