आज्ज्याचा करदोडा आणि पोराचा कान

पोरगा दहावीच्या सुट्टीत कान टोचायचा म्हणतोय. घरात दोन दिवस त्यावरच अधिवेशन चाललंय. दाजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "हे बायकी खूळ कुठनं आणलं त्यानं?" मी एवढंच म्हणालो, "दाजी, स्वतःच्या कानाची पाळी जरा चिमटीत धरून बघा." त्यांनी धरली. बारीकशी गाठ लागली हाताला. बाराव्या दिवशी मांडीवर घेऊन सोनारानं टोचलेला कान. पुढं शाळेत बाळी निघाली आणि भोक बुजलं. वाचणाऱ्या पुरुषांनो, तुम्हीपण चाचपा. बऱ्याच जणांना सापडेल.

बायकी म्हणे! मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या कानात आता सर्रास भिकबाळी असते, दाबाची, रात्री काढून खिशात टाकायची. माझी तक्रार नाही, दिसते झोकात. पण नाव तरी नीट ऐका. जुनी माणसं सांगायची, मूल जगत नसलं की पुढच्या पोरासाठी आई चार घरी पदर पसरायची आणि त्या भिकेच्या सोन्याची बाळी पोराच्या कानात घालायची. भिकू, भिकाजी ही नावंही त्याच धास्तीतली. मोती आणि लाल खडा बघताना ती आई कुणाला आठवत नाही.

पण मला बोलायचंय करदोड्याबद्दल, पुरुषाच्या कमरेला असतो त्या गोफाबद्दल. हा दागिना कुणी दाखवत नाही, म्हणून कुणी त्याला दागिना म्हणत नाही.

माझ्या आज्ज्याचा करदोडा चांदीचा होता, चोवीस तोळ्यांचा. माण तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, अंगावर दुसरा डाग नाही. तारेची घट्ट वीण होती, हातात घेतला की धामणीसारखा वळायचा. एका टोकाला आकडा, त्यात धान्याच्या कोठीची आणि पेटीची किल्ली. वरून धोतर, त्यावर बंडी. म्हणजे चोवीस तोळे चांदी अंगावर आणि जगाला दिसायची शून्य. फक्त चालताना किल्ल्या वाजायच्या. आज्जा घरात आल्याचं आम्हाला त्या आवाजावरनं कळायचं.

72 च्या दुष्काळात त्यानं तो गहाण टाकला. घरात कुणाला सांगितलं नाही. आज्जीला कसं कळलं, तर किल्ल्या वाजेनात. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काळा दोरा वळला आणि त्याच्या अंथरुणावर ठेवला. दोन वर्षांनी एका संध्याकाळी अंगणातनं पुन्हा छन्न छन्न ऐकू आलं, तेव्हा ती म्हणे चुलीपुढंच बसून रडली. हे तिनं मला सांगितलं, आज्ज्यानं नाही. आमच्याकडं पुरुषांच्या दागिन्यांच्या गोष्टी बायकांनाच ठाऊक असतात, असं माझं पक्कं मत आहे.

याला एकच अपवाद बघितलाय, थोरले चुलते. त्यांचं लग्न 1964 चं. आदल्या साली सरकारनं 14 कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी घातलेली, त्यामुळं त्यांची लग्नातली मुदी फिकट. कुणी हाताकडं बघितलं रे बघितलं की ते न विचारता बंदी घालणाऱ्या अर्थमंत्री मोरारजी देसाईंपासून सुरुवात करायचे.

(जाता जाता : आयकर खात्याची 1994 ची एक सूचना आहे. झडतीत विवाहित बाईचं 500 ग्रॅम, अविवाहित मुलीचं 250 ग्रॅम आणि पुरुषाचं 100 ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये म्हणून. म्हणजे दहा तोळे सोनं पुरुषाचं असू शकतं, हे आयकरवाल्यांना पटलंय. दाजींना पटायचंय.)

आज्जा गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. अंघोळ घालायच्या आधी आत्यानं करदोडा सोडवला. कमरेभोवती बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा होता, वीण जशीच्या तशी कातडीवर उमटलेली. बाकी अंग उन्हानं काळं पडलेलं. आत्यानं त्या पट्ट्यावरनं हात फिरवला आणि मग पाणी घातलं.

वाटणीत तो माझ्याकडं आला, आणि मी काय दिवे लावले ऐका. 2011 च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला 70 हजारांच्या पुढं गेली. मला नवी नोकरी, नवे मित्र, सगळ्यांच्या मनगटात जाड ब्रेसलेट. करदोडा कमरेला घालायची लाज वाटायची आणि पेटीत ठेवून काय करू, म्हणून मोड घातली. सोनारानं दोनदा विचारलं, "साहेब, ही वीण आता कोण करत नाही. नक्की वितळवू?" मी घड्याळात बघत हो म्हणालो. घट धरली, मजुरी धरली, ब्रेसलेट आणि वर थोडे पैसे घेऊन आलो. ते ब्रेसलेट शर्टाच्या बाहीत अडकतं. वर्षभरसुद्धा घातलं नाही. त्याला सांगण्यासारखी गोष्टच नाही, आणि जी होती ती मी भट्टीत घातली. सोनारावर राग काढायचीही सोय नाही, त्यानं विचारलं होतं.

झाळीचा, म्हणजे हलक्या धातूनं जोडलेला, म्हणून त्यानं आकडा तेवढा परत दिला होता. तो मी गाडीच्या किल्लीला लावलाय.

रविवारी पोराला घेऊन जातोय. मॉलमध्ये बंदुकीनं पटकन टोचतात म्हणत होता. त्यावर आतापर्यंत गप्प बसलेली माझी आई देवघरातनं ओरडली, "कान सोनारानंच टोचायचा. आणि विचार त्याला, करदोडा विणणारं कोण राहिलंय का अजून."