झाडू मोजा, साहेब

अभिनंदन! बदली होऊन या खुर्चीत बसल्याला तीन दिवस होत नाहीत तोच साफसफाईच्या ठेक्याची नस्ती, म्हणजे फाईल, तुमच्या टेबलावर आली. जुन्या ठेक्याची मुदत संपून सात महिने झालेत, तिसरी मुदतवाढ चालू आहे आणि वरून पत्र आलंय की, या खेपेची निविदा 'निष्पत्ती-आधारित' असावी. या शब्दाचा अर्थ पत्रात दिलेला नाही. पाठवणाऱ्याला विचारू नका, त्यालाही ते वरूनच आलंय.

तुम्ही नवे, तरुण, परीक्षा देऊन आलेले. त्यामुळे मनात पहिला विचार हाच येणार की, सरळ लिहून टाकावं: स्वच्छतागृह सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत कधीही उघडलं तरी कोरडं असावं, वास येऊ नये, नळाखाली साबण असावा. हे कसं करायचं ते ठेकेदाराने बघावं. झालं नाही तर पैसे कापावेत. निष्पत्तीवर पैसे म्हणतात ते हेच. असा विचार येणं नैसर्गिक आहे. तापही नैसर्गिकच असतो. दोन दिवस पडून राहा, उतरेल.

उतरला की कपाटातून जुनी निविदा काढा. निविदा लिहायची नसते, उतरवायची असते. मागच्या साहेबांनी त्यांच्या मागच्यांची उतरवली, त्यांनी शेजारच्या तालुक्याची. आमच्याकडच्या निविदेत चौतिसाव्या पानावर अजून दुसऱ्याच गावाचं नाव आहे. ते खोडायला जाऊ नका. एकदा एका हौशी लिपिकाने खोडलं, तर 'मंजूर मसुद्यात बदल कोणाच्या आदेशाने केला' म्हणून तीन महिने पत्रव्यवहार चालला.

परिशिष्ट मात्र मन लावून वाचा. फूलझाडू इतके, खराटे इतके, पोछ्याची फडकी इतकी, फिनेल दरमहा इतके लिटर, डांबरगोळ्या इतके किलो, सफाई कामगार चौदा, पर्यवेक्षक एक, गणवेश निळा, खिशावर नाव. बासष्ट पानांत 'स्वच्छ' हा शब्द मी एकदा दुपारी वेळ होता म्हणून शोधला. दोनदा सापडला. एकदा विषयाच्या ओळीत आणि एकदा 'निविदाधारकाने सर्व कागदपत्रांच्या स्वच्छ व सुवाच्य प्रती जोडाव्यात' या अटीत.

हसू नका. त्या परिशिष्टात पिढ्यांचं शहाणपण आहे. लेखापरीक्षक येतो तो काम झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. तोवर वास उडून गेलेला असतो, पावती राहिलेली असते. फिनेलची पावती आहे, साठा नोंदवहीत नोंद आहे, नोंदीवर सही आहे. आक्षेप निकाली. आता समजा, तुम्ही 'स्वच्छ असावं' असं लिहिलंत. मग दरमहा देयकावर कोणीतरी लिहायला हवं की, हो, स्वच्छ होतं. कोणी? तुम्ही. कशावरून? डोळ्यांनी पाहिलं, नाकाने हुंगलं म्हणून. साहेब, नाकाचा पुरावा कुठल्या नियमात बसतो ते मला दाखवा. झाडू मोजणाऱ्यावर आजवर कधी विभागीय चौकशी लागलेली नाही. मत देणाऱ्यावर लागते.

या बाबतीत आपल्या राज्याला एक गौरवशाली दाखला लाभलेला आहे. मार्च २०१८. विधानसभेत एकनाथ खडसे उभे राहिले आणि मंत्रालयातल्या उंदरांचा हिशोब मांडला. कागदोपत्री ३,१९,४०० उंदीर, आणि ते मारल्याचं दाखवलं सात दिवसांत. म्हणजे दिवसाला ४५ हजारांच्या वर. एवढे उंदीर उचलले कोणी, पुरले कुठे, वजन किती भरलं, असे प्रश्न त्यांनी सभागृहात विचारले. महाराष्ट्र दोन दिवस पोट धरून हसला. मग खुलासा आला: हा आकडा उंदरांचा नाहीच, उंदीर मारायच्या गोळ्यांचा आहे!

लोक त्यावरही हसले. मी हसलो नाही, मी उभा राहून मनातल्या मनात नमस्कार केला. इतका निर्दोष खुलासा मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. गोळ्या मोजता येतात. गोळ्यांची खरेदी होते, पावती होते, साठ्यात नोंद होते. उंदीर मेला का, किती मेले, आणि मंत्रालयात आता फायली कुरतडणं थांबलं का, हे प्रश्न कंत्राटाबाहेरचे. पैसे गोळ्यांचे होते, गोळ्या पोचल्या. उंदरांनी त्या खाल्ल्या की नाही, हा उंदरांचा खासगी प्रश्न.

तुम्ही म्हणाल, मग गोळ्या सोडून उंदीर मोजू. मोजा की. मुंबई महापालिका मोजतेच. तिथे रात्रपाळीला उंदीर मारणारे कामगार असतात, हातात काठी आणि बॅटरी, रात्रीत तीस उंदीर हा कोटा. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे. हे काम किती अवघड आहे ते रात्री दोन वाजता क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही, तेव्हा त्यांच्यावर विनोद नको. पण कोटा म्हणजे काय होऊ शकतं, ते बघायचं तर हनोईला चला. १९०२ साली तिथल्या फ्रेंच सरकारने प्लेगच्या भीतीने उंदरामागे बक्षीस लावलं. अख्खा उंदीर कचेरीत कोण ठेवून घेणार, म्हणून फक्त शेपटी आणा म्हणाले. शेपट्यांचे ढीग लागले. पुढे साहेबलोकांना रस्त्यात बिनशेपटीचे उंदीर धावताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडून द्यायचा, म्हणजे तो पिल्लं घालतो आणि पिल्लांना शेपट्या असतात. गावाबाहेर तर लोकांनी उंदीर पाळायलाच घेतले होते. परिशिष्टाच्या दृष्टीने पाहिलं तर काम चोख चाललं होतं.

तेव्हा गोळ्या मोजा, फार तर शेपट्या मोजा. 'या इमारतीत उंदीर दिसू नये' असं लिहायच्या फंदात पडू नका. उंदीर दिसला तर कोणाला दिसला, त्याची तक्रार कुठल्या वहीत, आणि तो आतलाच होता की शेजारच्या कार्यालयातून आलेला, यावर लवाद बसेल.

आता दराकडे वळू. इथे तुम्हाला फार कष्ट नाहीत, कारण सगळ्यात कमी दर ज्याचा, काम त्याचं. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय अर्थखात्याने जरा घोळ घातला. कमी दर म्हणजेच योग्य निवड असं दर वेळी नसतं, असं म्हणत सल्लासेवेबाहेरच्या सेवांनाही गुणवत्तेचे गुण द्यायची मुभा दिली. पण घाबरू नका. गुणवत्तेचा वाटा ३० टक्क्यांच्या वर नाही आणि त्यासाठीही सक्षम प्राधिकाऱ्याने आधी घोषित करायला हवं की, या कामात गुणवत्ता महत्त्वाची आहे. संडास साफ करण्यात गुणवत्ता महत्त्वाची आहे, असं लेखी घोषित करणारा सक्षम प्राधिकारी तुम्हाला भेटला तर मला कळवा. मी त्याच्या निरोप समारंभाला येईन. तो लवकरच असेल.

मनुष्यबळाच्या निविदेत तर गंमत आणखी पुढची. किमान वेतन ठरलेलं, भविष्य निर्वाह निधी ठरलेला, माणसं तुम्हीच चौदा म्हणून सांगितलेली. उरलं काय? ठेकेदाराचं सेवाशुल्क. मग तो लिहितो जवळजवळ शून्य. म्हणजे हा माणूस समाजसेवा करायला आलाय! तुम्ही त्याच्या त्यागाने भारावून जा आणि कार्यादेश द्या. हजेरीपटावर चौदा असतील. जिन्यावर आठ दिसतील. बाकीचे सहा कुठे, ते विचारू नका. ते त्याचं सेवाशुल्क आहे.

दंडाचं कलम विसरू नका, नाहीतर निविदा अपुरी वाटते. कलम कडक शब्दांत असावं, रक्कम नरम असावी. एका कामगाराच्या गैरहजेरीला दिवसाला शंभर रुपये ही आमच्याकडची प्रथा. शंभर रुपये भरून जर कामगाराची दिवसाची मजुरी वाचत असेल, तर तो दंड नव्हे, सवलत आहे. ठेकेदार ते पहिल्याच वर्षी ओळखतो. आपण पंधरा वर्षं ओळखत नाही, असं दाखवायचं असतं.

इथे कोणीतरी शहाणा हात वर करून पासपोर्टचं उदाहरण देईल. त्याला तयार राहा. २००८ साली परराष्ट्र खात्याने टीसीएस या खासगी कंपनीला ते काम दिलं, तेव्हा किती संगणक, किती खुर्च्या, किती माणसं याच्या याद्यांवर पैसे ठरवले नाहीत. पैसे ठरवले पासपोर्टच्या व्यवहारामागे, वर सेवेच्या दर्जाची मोजमापं लावली. पासपोर्ट द्यायचा की नाही, हा निर्णय मात्र सरकारी अधिकाऱ्याच्याच हातात ठेवला. तुम्ही ठाण्याच्या नाहीतर पुण्याच्या केंद्रात गेला असाल तर पाहिलंच असेल: वेळ घेतलेली, टोकन हातात, 'ए' खिडकीवर कंपनीचा मुलगा, 'बी' आणि 'सी'वर सरकारी माणूस, आणि तासा-दीड तासात माणूस बाहेर. एजंटाचा खिसा गरम न करता! हे उदाहरण फार घातक आहे. त्यावर एकच उत्तर: 'तो विषय केंद्राचा आहे.' एवढं बोलून चहा मागवा.

खरं सांगायचं तर (हे निविदेत लिहू नका, आपल्या दोघांत) ठेकेदाराचीही एक बाजू असते. आमच्याकडच्या एका ठेकेदाराने एकदा मला हाताला धरून तळमजल्याच्या स्वच्छतागृहात नेलं. नळ सोडला. नळाने दोन वेळा घसा खाकरला आणि गप्प झाला. टाकीत पाणी चढायचं सकाळी अकराला, मोटरच्या मर्जीने. मोटर बांधकाम विभागाची, वीजबिल दुसऱ्याच खर्चाच्या शीर्षाखाली, प्लंबर आणखी तिसऱ्या ठेक्यातला. कोपऱ्यात फिनेलचे कॅन मांडलेले होते, परिशिष्टाप्रमाणे बरोब्बर, एकाचंही बूच उघडलेलं नव्हतं. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "स्वच्छ ठेवा म्हणता, तर आधी पाणी द्या. नाहीतर पाण्याचंही मलाच द्या, मी बघतो." ही दुसरी मागणी ऐकून मला घाम फुटला. पाणी, मोटर, प्लंबर आणि झाडू एकाच ठेक्यात आले तर तीन विभागांच्या तीन नस्त्या बंद होतील. मी त्याला समजावलं की, असं बोलू नये.

त्याच दारामागे तपासणीचा तक्ता लटकत होता. रोज चार वेळा वेळ लिहून सही करायची. त्या दिवशी महिन्याची एकोणीस तारीख होती. तक्ता एकतीस तारखेपर्यंत भरलेला होता, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या हाताने. मी काही बोललो नाही. पुढे लिहून ठेवणं यालाच नियोजन म्हणतात.

आणि तरीही वरच्या पत्राचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. 'निष्पत्ती-आधारित' करा म्हणालेत, तर करा. नाही म्हणायचं नसतं. पहिल्या पानावर एक परिच्छेद टाका: 'सेवेचा दर्जा उत्कृष्ट व समाधानकारक असावा.' समाधान कोणाचं ते लिहू नका. समाधान किती वाजता मोजायचं तेही नको. स्वच्छतागृह वापरणाऱ्या बाईमाणसाला विचारायची कल्पना तर मनातही आणू नका. आमच्याकडे बाहेरगावाहून उताऱ्यासाठी येणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, म्हणजे जायची वेळच येऊ नये. त्यांचं समाधान मोजायला गेलात तर आकडा वाईट येईल आणि तो कुठल्या रकान्यात भरायचा हा नवाच प्रश्न. परिच्छेदाखाली जुनं परिशिष्ट जोडा, झाडू दोनने वाढवा, महागाई आहे. वर पाठवा. पत्राचं अनुपालन झालं.

राहता राहिली निविदापूर्व बैठक. ती टाळता येत नाही. पाच-सहा ठेकेदार येतात, बिस्किटं खातात, अनामत कमी करा म्हणतात. शंकांना लेखी उत्तरं द्यावी लागतात, डाव्या रकान्यात शंका, उजव्यात खुलासा. मागच्या खेपेला मागच्या बाकावर एक नवा पोरगा बसला होता, पहिल्यांदाच निविदा भरत असावा. सगळं परिशिष्ट त्याने बोट ठेवून वाचलं होतं. त्याने विचारलं, "साहेब, झाडू-फिनेलचं समजलं. पण शेवटी संडास स्वच्छ हवाय का नकोय?"

बाकीचे ठेकेदार हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शंका क्रमांक अकरा म्हणून डाव्या रकान्यात शब्दशः उतरवून घेतली आणि उजव्या रकान्यात लिहिलं, 'निविदेतील अटी व शर्तींनुसार.'